गढूळ आणि प्रसन्न

आमच्या खात्यात 'चव' हा शब्द नव्हता. मध्यप्रदेश शासनाच्या आबकारी खात्यात मी उपनिरीक्षक म्हणून रुजू झालो आणि जिल्हा आबकारी अधिकारी म्हणून निवृत्त झालो. या प्रदीर्घ सेवाकाळात मद्याविषयी मी जे लिहिले, ते एकत्र केले तर एक लहानशी खोली सहज भरेल. परंतु त्या सगळ्या कागदांत मद्याचे तीनच गुण नोंदलेले सापडतील : ते किती आहे, किती तीव्र आहे आणि त्यावरचा कर भरला आहे की नाही. ते कडू होते की गोड, त्याला कशाचा गंध होता, यासाठी कोणत्याही नमुन्यात रकाना नव्हता. नसावा हेच योग्य. शासनाने माणसाच्या जिभेवर विश्वास ठेवायचा ठरवले, तर महसूल बुडायला वेळ लागणार नाही.

जिभेऐवजी आमच्या हाती हायड्रोमीटर असे. सेवेच्या आरंभी मी जो वापरला तो साइक्सचा, पितळी, एक गोळा, वर आखणी केलेली चपटी दांडी आणि सोबत दहापासून नव्वदपर्यंतची नऊ वजने. मद्यार्कात तो सोडायचा, दांडीवरचा आकडा वाचायचा, तापमान पाहायचे आणि कोष्टकातून 'प्रूफ' काढायचे. जुन्या काळी बंदुकीच्या दारूवर मद्य ओतून ती पेटते का हे पाहत आणि त्यावरून हा 'प्रूफ' शब्द आला, असे आम्हाला प्रशिक्षणात सांगत. इंग्रज गेला, गॅलन जाऊन लिटर आले, पण 'लंडन प्रूफ लिटर' मात्र आमच्या नोंदवह्यांत ठाण मांडून बसले. बाटलीवर छापलेला ४२.८ टक्के हा विचित्र आकडा पाहून पुष्कळांना नवल वाटते. त्याचे कारण हेच, की तो प्रूफच्या तीन चतुर्थांश आहे.

मी मोजले, पण चाखले कधी नाही. त्यामागे शासकीय शिस्तीपेक्षा घरची गोष्ट अधिक होती. माझे मामा गात असत. ग्वाल्हेरला गाणाऱ्या माणसाचे कौतुक फार, आणि मैफलीनंतर त्याला आग्रह करणारेही फार. गिरणीतली कारकुनी, संध्याकाळची पेटी आणि रात्रीची बाटली, असा त्यांचा दिनक्रम मी लहानपणी पाहिला आहे. ते पीत ती देशी. पिण्याची रीतही मला स्पष्ट आठवते : डाव्या हाताने नाक दाबायचे, एका घोटात पेला रिकामा करायचा आणि लगेच जिभेवर मीठ ठेवायचे. एक्केचाळिसाव्या वर्षी ते गेले. पुढे मला नियुक्तिपत्र आले तेव्हा वडील आनंदले, आई मात्र पत्र हातात धरून बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मोजायचं काम आहे ना, मग मोज. चाखायचं काम नाही तुझं." तिने शपथ घातली नाही, मीही शब्द दिला नाही. पण ते वाक्य मी नोकरीभर सांभाळले, आणि नोकरी संपल्यावरही सांभाळत होतो.

मोजमापाखेरीज आमची आणखी एक परीक्षा असे, ती डोळ्यांची. बाटली उजेडात धरायची. आत तरंगते काही दिसले, गढूळपणा दिसला, की संशय. माळव्याच्या आणि निमाडच्या खेड्यांत छापे घातले, तेव्हा मातीच्या माठांतून आणि पत्र्याच्या डब्यांतून जे निघे ते मोहाचे लाहन. आंबलेल्या फुलांचे, करड्या-पिवळ्या रंगाचे, बुडबुडे येणारे दाट पाणी. पंचनामा करून ते ओतून द्यायचे. 'गढूळ' आणि 'अवैध' हे दोन शब्द माझ्या मनात समानार्थी झाले ते असे.

हा केवळ आमच्या खात्याचा ग्रह नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुराध्यक्ष' नावाचा एक अधिकारी आहे. आम्हा आबकारीवाल्यांचा तो मूळपुरुष. त्याच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे मद्याचे प्रकार सांगितले आहेत. त्यांतली 'प्रसन्ना' म्हणजे निवळलेली, स्वच्छ. आज आपण ज्याला किण्वन म्हणतो त्यातला 'किण्व' हा शब्दही तेथे आहे. म्हणजे गाळ खाली बसून वर जे नितळ राहते ते उत्तम, ही समजूत दोन हजार वर्षांहून कमी जुनी नसावी. नितळ पाण्याला आणि निर्मळ मनाला आपण एकाच शब्दाने 'प्रसन्न' म्हणतो, यातच सगळे आले.

२०२४च्या ऑक्टोबरात मी आणि सौभाग्यवती मुलीकडे बॉस्टनला होतो. पानगळ पाहायला म्हणून मुलगी-जावई आम्हाला उत्तरेस व्हर्मॉन्ट राज्यात घेऊन गेले. तेथे माउंट मॅन्सफील्ड हा त्या राज्यातला सर्वांत उंच डोंगर आहे. उंची सुमारे १,३४० मीटर, म्हणजे आपल्या पचमढीच्या धूपगडापेक्षा किंचित कमीच. त्याच्या पायथ्याशी स्टो नावाचे टुमदार गाव आहे. मेपलच्या झाडांनी सारा डोंगर केशरी आणि तांबडा झालेला. त्या गावात 'द अल्केमिस्ट' नावाची मद्यशाळा असून दूरदूरचे लोक तेथे केवळ बियर विकत घ्यायला येतात, हे जावयांनी भीतभीत सांगितले. सासऱ्यांपुढे हा विषय काढावा की नाही, असा त्यांना प्रश्न पडला असावा. मी म्हटले, "चला, पाहू या. परवाना कसा लावलाय तेही पाहू."

विक्रीच्या जागी गर्दी होती, पण गोंधळ नव्हता. माझे पांढरे केस समोर दिसत असूनही तेथल्या मुलीने वयाचा पुरावा म्हणून माझे पारपत्र मागितले. तेथे एकवीस वर्षांखालील माणसाला मद्य विकता येत नाही. सदुसष्टाव्या वर्षी माझ्या वयाबद्दल कोणी शंका घेतली याचा सौभाग्यवतींना फार आनंद झाला. मला आनंद झाला तो नियमाला अपवाद नाही हे पाहून.

त्या मद्यशाळेची हकीकत जावयांनी वाटेत सांगितली, आणि पुढे मी स्वतःही वाचली. जॉन आणि जेन किमिक या दांपत्याने २००३ साली शेजारच्या वॉटरबरी गावात एक लहान पानगृह काढले. २००४ मध्ये त्यांनी 'हेडी टॉपर' ही बियर प्रथम तयार केली. आठ टक्के मद्यार्काची, न गाळलेली, गढूळ. २८ ऑगस्ट २०११ रोजी 'आयरीन' वादळाच्या पुरात ते पानगृह बुडाले. परंतु त्याच गावात त्यांचा डबाबंद बियरचा नवा कारखाना उभा राहत आला होता. तो पुराच्या पाण्यातून वाचला आणि काही दिवसांतच त्यातून पहिले डबे बाहेर पडले. पुढे ग्राहकांच्या मोटारींनी गावाचे रस्ते अडू लागले, म्हणून २०१३ मध्ये त्यांना तेथली किरकोळ विक्री बंद करावी लागली, आणि २०१६ मध्ये स्टोचा कारखाना उघडला. मागणी वाढली म्हणून दुकान बंद करणारा परवानाधारक मी माझ्या सेवेत पाहिला नाही.

या किमिकांचे गुरू ग्रेग नूनन. बर्लिंग्टन गावात त्यांना स्वतः बियर करून तेथेच विकायची होती, पण राज्याच्या कायद्यात तशी तरतूद नव्हती. त्यांनी विधिमंडळाच्या पायऱ्या झिजवल्या, कायदा बदलून घेतला आणि १९८८ मध्ये आपले पानगृह उघडले. त्यापूर्वी, १९७८ मध्ये, अमेरिकेच्या संघराज्याने घरी स्वतःपुरती बियर करणे करमुक्त केले होते. प्रौढ माणसाला वर्षाला शंभर गॅलन, कुटुंबाला फार तर दोनशे. आज ज्याला 'क्राफ्ट बियर' म्हणतात तिचा मोठा भाग त्या घरगुती माठांतून जन्मला. हे वाचताना मला निमाडमधले माठ आठवले, हे सांगायला नको.

संध्याकाळी मुक्कामी आलो. दिवसभर मोटार चालवायची असल्याने जावयांनी थेंबही घेतला नव्हता, हे मी मनात नोंदवून ठेवले. स्वयंपाकघरातल्या मेजावर त्यांनी एक डबा ठेवला आणि म्हणाले, "बाबा, तुमची हरकत नसेल तर…" मी म्हटले, "माझी कसली हरकत? तुम्ही घ्या." त्या डब्याच्या कडेवर, डब्यातूनच प्या, अशी सूचना छापलेली आहे. पेल्यात ओतल्याने सुगंध उडून जातो, असे करणाऱ्याचे म्हणणे. पण उजेडात धरून पाहिल्याशिवाय मी कोणत्याही द्रवाबद्दल बोलत नाही. माझ्या आग्रहावरून ती काचेच्या पेल्यात ओतली गेली.

गढूळ म्हणजे किती गढूळ! कैरीच्या पन्ह्यात चिमूटभर केशर घालून ढवळावे तसा रंग. पलीकडचा दिवा दिसेना. माझ्या जुन्या डोळ्यांनी तिला तत्काळ नापास केले. जावई अभियंता असल्याने त्यांनी कारण समजावले. धान्यातली प्रथिने आणि हॉप्स या वेलीच्या फुलांतली तुरट द्रव्ये एकमेकांना धरून राहतात, त्यांचे सूक्ष्म कण खाली न बसता तरंगतात. यीस्टही काही अंशी तरंगत राहते. या जातीच्या बियरमध्ये पुष्कळजण ओट आणि गहू मुद्दाम घालतात, त्याने ती अधिक दाट होते. गाळून ती नितळ करता येईल, पण मग गंधही गाळला जाईल.

गंधाचे गणितही त्यांनी सांगितले. हॉप्स उकळली की कडूपणा उतरतो, पण सुवासिक तेले वाफेबरोबर निघून जातात. म्हणून हे लोक बरीचशी हॉप्स आच बंद केल्यावर आणि आंबवण्याच्या वेळी घालतात. सौभाग्यवतींना हे माझ्याआधी कळले. त्या म्हणाल्या, "म्हणजे कढीपत्ता फोडणीत आणि कोथिंबीर वरून." इतके सुबोध स्पष्टीकरण आमच्या प्रशिक्षणात कोणी दिले नव्हते. मग त्यांनी पेला नाकाजवळ नेला आणि म्हणाल्या, "अगदी आत्ता फोडलेलं पपनस." खरोखरच तो पपनसाच्या सालीचा वास होता. त्यामागे पिकलेला आंबा, अननस, आणि सगळ्यांत शेवटी देवघरातल्या राळेसारखे काहीतरी. त्या पेल्यात फळाचा एक थेंबही नव्हता. हे सारे एका वेलीच्या हिरव्या फुलांतून आले होते.

तेवढ्यात मुलीने दुसरा लहान पेला घेतला, आणि माझ्यासमोर, सहजपणे, एक घोट घेतला. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. आमच्या घरात असे कधी घडले नव्हते. मी काही बोललो नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, चाखून बघा. आवडलं नाही तर ठेवून द्या."

निवृत्त माणसाला कामच नसते, तेव्हा आईचे वाक्य आता लागू होत नाही, असा युक्तिवाद मी केला नाही. कारकुनी पळवाटा मी आयुष्यभर इतरांच्या अर्जांत शोधल्या आहेत, त्या मला ओळखू येतात. मी इतकेच पाहिले की नाक दाबायची येथे गरज नव्हती, उलट नाकासाठीच हे सारे केलेले होते. मी चार घोट घेतले.

पहिला घोट मऊ लागला. जिभेवर साईसारखा पसरला. दुसऱ्यात फळांचा आंबटगोडपणा आला. कडूपणा तिसऱ्या घोटानंतर, गिळून झाल्यावर, घशाच्या आतल्या बाजूला उमटला : कारल्याचा नव्हे, संत्र्याच्या सालीच्या आतल्या पांढऱ्या भागाचा. आयुर्वेदात कडू रसाला 'तिक्त' म्हणतात आणि 'कटु' म्हणजे तिखट. मराठीने या दोन शब्दांची अदलाबदल करून घेतली आहे. येथे तिक्त होते, कषाय होते, मधुर होते, आणि चौथ्या घोटानंतर छातीत जी ऊब उतरली ती आठ टक्क्यांची होती. चव इतकी गोडवी, की ती ऊब येईपर्यंत माणसाला आठ टक्क्यांची आठवणही राहू नये. येथे माझे खाते जागे झाले.

मी कागद मागवला. डबा ४७३ मिलिलिटरचा. आठ टक्के म्हणजे शुद्ध मद्यार्क जवळजवळ ३८ मिलिलिटर. आपल्याकडचा साठ मिलिलिटरचा मोठा पेग ४२.८ टक्के तीव्रतेने धरला, तर त्यात पावणेसव्वीसच्या आसपास. म्हणजे फळांच्या रसासारखा दिसणारा हा एक डबा दीड पेगाच्या बरोबरीचा. आपल्याकडे बहुतांश विकली जाते ती 'स्ट्राँग' बियर. तिची कमाल मर्यादाही आठ टक्केच आहे, आणि बाटली ६५० मिलिलिटरची. त्या मर्यादेवरच्या एका बाटलीत ५२ मिलिलिटर, म्हणजे पुरते दोन मोठे पेग. 'बियर म्हणजे काही दारू नव्हे' हे वाक्य मी किती लग्नघरांत ऐकले आहे! कागद मुलीपुढे सरकवला. तिने वाचला आणि म्हणाली, "म्हणूनच बाबा, एक डबा आणि माणसं तीन."

या उत्तराने मला बरे वाटले, आणि त्या बरे वाटण्याच्या बळावर मी तिला मामांची गोष्ट सांगितली. मामा गात असत आणि लवकर गेले, एवढेच तिला ठाऊक होते. कशाने गेले, हे आमच्या घरात मोठ्याने बोलले जात नसे. तिने पुष्कळ प्रश्न विचारले. मामी नंतर कशा राहिल्या, आजीने कधी त्यांना समजावले का, त्यांचे गाणे कोणी ध्वनिमुद्रित केले का. जावई पेला बाजूला ठेवून ऐकत होते. मद्य मेजावर असताना मद्याविषयी खरे बोलणे मी त्या दिवशी प्रथमच केले. एरवी मी पाहिलेल्या घरांत यांपैकी एकच गोष्ट असे : एक तर मद्य, नाही तर बोलणे.

तेव्हापासून मी या गढूळपणाचा विचार करीत आहे. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसे विषारी दारूने मेली. जानेवारी २०२१ मध्ये आमच्या शेजारच्या मुरैना जिल्ह्यात वीसहून अधिक मेली. मालवणीत जीव घेणारे द्रव्य मिथेनॉल होते. मिथेनॉल दिसायला पाण्यासारखे नितळ असते. उजेडात धरले तर कौटिल्याची प्रसन्नाच म्हणावी. डोळ्यांची परीक्षा तेथे उपयोगी पडत नाही, जिभेचीही पडत नाही. तेथे रसायनशाळाच हवी, आणि तिचा अहवाल वेळेवर हवा. उलट हा गढूळ पेला कायद्याने, कराने आणि शास्त्राने शुद्ध होता. नितळ दिसणे हा निर्दोषपणाचा पुरावा नव्हे, आणि गढूळ दिसणे हा गुन्हा नव्हे, हे मला पोटातल्या दोन वाक्यांसारखे आता पाठ झाले आहे.

या बियरच्या जातीला 'इंडिया पेल एल' म्हणतात. तिच्या नावातला हा हिंदुस्थान कंपनी सरकारच्या काळातला. लंडनच्या बो भागातल्या हॉज्सनच्या मद्यशाळेतून पिंपे भरत, आफ्रिकेला वळसा घालून जहाजे येत आणि काही महिन्यांनी ती बियर कलकत्त्याला, मुंबईला उतरे. १८१८ मध्ये मंदसौरच्या तहानंतर इंदूरजवळ महूची छावणी पडली तो हाच काळ. ती बियर प्रवासात मुरे, आणि मुरल्यानेच नावाजली जाई. आजची ही गढूळ वंशज मात्र ताजी आणि थंड ठेवूनच प्यावी लागते, काही आठवड्यांत तिचा सुगंध उतरू लागतो. जिच्या नावात हिंदुस्थान आहे, तिला हिंदुस्थानचा जुना प्रवास आता सोसणार नाही. उलट दिशेचाही एक शब्दप्रवास आहे. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत परतीच्या जहाजाची वाट पाहून गोरे सोल्जर भ्रमिष्ट होत, त्यावरून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे वेडा. पुण्यात २००९ साली निघालेल्या पहिल्या क्राफ्ट बियरच्या मद्यशाळेने हेच नाव घेतले.

आमच्या राज्याने २०२२च्या आबकारी धोरणात मोहाच्या मद्याला 'हेरिटेज' दर्जा देऊन आदिवासींना ते तयार करण्याची वाट मोकळी केली, तेव्हा मी निवृत्त होतो. त्या बातमीकडे मी केवळ महसुलाच्या दृष्टीने पाहिले होते. आता वाटते, त्या फुलांचा गंधही कोणीतरी, नूननसारखा, आच कधी बंद करावी याचा विचार करून जपायला हवा. ज्यांच्या झाडाखाली तो पडतो त्यांनीच तो जपला तर उत्तम. आणि त्याच वेळी त्या बाटलीत शुद्ध मद्यार्क किती मिलिलिटर आहे, हे पिणाऱ्याला तोंडपाठ असायला हवे. रसिकता आणि मोजमाप यांची फारकत झाली, की एकीकडे रिकाम्या नोंदवह्या उरतात आणि दुसरीकडे मामांसारखी माणसे जातात.

मी पुन्हा प्यालो नाही. तशी इच्छाही झाली नाही. चार घोटांत जे कळायचे ते कळले. पुढच्या उन्हाळ्यात मुलगी ग्वाल्हेरला येणार आहे. मामांची पेटी माळ्यावर आहे. तिचे भाते विरले आहेत, पण काही सूर अजून लागतात. ती खाली काढून दुरुस्तीला द्यायची आहे.